गच्चीवर आखलेली घरं

रेघताईंचं खरं नाव ऑफिसात फक्त पगाराच्या यादीत होतं. बाकी सगळे त्यांना रेघताईच म्हणायचे, अगदी साहेबसुद्धा. सव्वीस वर्षांपूर्वी त्या या आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढायला लागल्या, तेव्हा ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने रेघा मारायचे दिवस होते. पट्टी न सरकता, शाई न फुटता, दोन हात लांब रेघ एका दमात ओढावी ती ताईंनीच. चुकलंच काही तर ब्लेडच्या कोपऱ्याने शाई अशी खरवडायच्या की कागदाला ओरखडा उठत नसे. पुढे कॉम्प्युटर आला आणि ज्यांचे हात वाकडे चालायचे त्यांच्याही रेघा सरळ यायला लागल्या. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

त्यांच्या कामाचा एक भाग होता ब्रोशरचे नकाशे. बांधकामाचा नकाशा वेगळा. तो गवंड्याच्या, प्लंबरच्या हातात जातो, मळतो, फाटतो. ब्रोशरचा नकाशा गिऱ्हाइकासाठी असतो. त्यात फरशीला रंग द्यायचा, खिडकीपाशी कुंडी ठेवायची, हॉलमध्ये सोफा, बेडरूममध्ये पलंग आणि कपाट. या पलंगाबद्दल ऑफिसात एक न लिहिलेला नियम होता. खरा पलंग डोक्याकडची फळी धरून साडेसहा फूट भरतो. ब्रोशरमधला सव्वापाच फूट. खरं कपाट दोन फूट खोल, ब्रोशरमधलं सव्वा. फार वर्षांपूर्वी साहेब ताईंच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत एवढंच म्हणाले होते, "जरा हलका पलंग टाका, ताई. खोली दबतेय." ताईंनी एक हलका पलंग काढला, हलकं कपाट काढलं, कॉम्प्युटरात जपून ठेवलं आणि तेव्हापासून तेच उचलून शेकडो खोल्यांत टाकत आल्या. आपण काही वावगं करतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. खोलीची लांबी-रुंदी खोलीत छापलेली असते आणि ती खरीच असते. पलंगावर कुठे माप लिहिलेलं असतं?

घरी तिघं होती. ताई, त्यांचे यजमान आणि सासूबाई. यजमान शिलाई मशीन दुरुस्त करायचे. घराच्या खिडकीपाशी एक टेबल होतं आणि त्याच्यावर कायम कुणाच्या तरी मशीनचा पोटातला भाग उघडा पडलेला असे. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडून चार वर्षं झाली होती. त्या वॉकर धरून चालायच्या. चालणं मंदावलं होतं, पण जीभ अजून ठणठणीत होती. भाड्याच्या दोन खोल्या, वरचा मजला, डोक्यावर गच्ची. एकोणीस वर्षं तिथेच गेली. मग एक दिवस मालक वर आला, पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठता उठता म्हणाला की मुलगा परत येतोय, आठ महिन्यांत जागा लागेल.

तो गेल्यावर यजमान बराच वेळ एक स्क्रू पुसत बसले. मग म्हणाले, "आता भाड्याचं बघायचं नाही. घ्यायचं म्हणतो मी."

"कशाच्या जोरावर?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"तुझ्या आशीर्वादाच्या."

"तो बँकेत चालत असेल तर घे."

साठवलेलं थोडं होतं, ताईंच्या नोकरीवर कर्ज मिळणार होतं. त्या दोघांनी रविवार धरून हिंडायला सुरुवात केली. सव्वीस वर्षं घरांचे नकाशे काढणारी बाई पहिल्यांदाच गिऱ्हाईक म्हणून बिल्डरच्या ऑफिसात खुर्चीवर बसली. समोर टाय लावलेला हसतमुख माणूस. थंडगार पाणी. काचेच्या पेटीत इमारतीचं मॉडेल, त्यात काडेपेटीएवढ्या गाड्या.

"साडेसहाशे फूट, मॅडम. दोन बेडरूम. भाव फक्त आठ हजार फुटाला. एकूण बावन्न लाख. या भागात एवढा मोठा फ्लॅट या भावात मिळाला तर मला सांगा."

"आतून किती?" ताईंनी विचारलं.

"साडेसहाशे, मॅडम."

"ते विक्रीचे झाले. आतून, भिंतीपासून भिंतीपर्यंत, पाय ठेवता येईल अशी जमीन किती?"

टायवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कागद उलटसुलट केले आणि आवाज जरा खाली आणून म्हणाला, "चारशेवीस."

यजमानांना हसू आवरेना. रस्त्यावर आल्यावरही ते हसतच होते. "आकडा तरी दुसरा सांगायचा होता बिचाऱ्याने! चारशेवीस!"

पण ताई हसत नव्हत्या. बावन्न लाखांना चारशेवीसने भागलं तर फुटाला बारा हजार तीनशेच्या वर जात होते. आठ हजार हा भाव नुसता बोलण्यातला होता. हे त्यांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. साडेसहाशेचे चारशेवीस कसे होतात ते त्यांनी स्वतः कित्येकदा तक्त्यात भरलं होतं. फक्त ते दुसऱ्यांचं होतं तोवर ते नुसते आकडे होते.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. त्यांना सगळं सांगावं लागे, नाहीतर त्या जेवायच्या नाहीत.

"फूट म्हणजे फूट," त्या म्हणाल्या. "पट्टीवर असतो तो. त्यात आणखी जाती कसल्या?"

"आई, समजा घरभर सतरंजी अंथरायची आहे," ताई म्हणाल्या. " जिथपर्यंत ती अंथरता येईल ते खरं आपलं. त्याला कार्पेट म्हणतात. त्यावर भिंतींची जाडी चढवतात. मग जिना, लिफ्ट, खालचा दरवाजा, गच्चीवरची टाकी, या सगळ्यातला आपला वाटा चढवतात. ते सगळं मिळून साडेसहाशे."

"म्हणजे जिन्याचेही पैसे? आणि तेही झोपायच्या खोलीच्याच भावाने?"

"त्याच भावाने."

"आणि टाकीत कोण झोपणार आहे? हा?" त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं.

पुढच्या रविवारी ज्या इमारतीत गेले तिथला भाव ऐकूनच यजमान उठायला लागले. नऊ हजार फुटाला, आणि फ्लॅट पाचशेसाठचा. "लहानही आणि महागही," ते ताईंच्या कानात पुटपुटले. ताईंनी त्यांना बसवलं, आतलं माप विचारलं. चारशेपंचवीस. ब्रोशरच्या कोपऱ्यात त्यांनी पेन्सिलीने गुणाकार-भागाकार मांडला आणि कागद यजमानांकडे सरकवला. एकूण पन्नास लाख चाळीस हजार. खऱ्या फुटाला अकरा हजार साडेआठशेच्या आसपास. म्हणजे हा महागडा फ्लॅट त्या स्वस्त फ्लॅटपेक्षा स्वस्त होता, आणि लहान दिसणारा पाच फुटांनी मोठा. इथे जिना आणि मोकळी जागा कमी होती, एवढंच.

यजमानांनी दोनदा गणित तपासलं. "मग हे लोक सरळ का सांगत नाहीत?"

ताईंकडे याचं उत्तर होतं, पण त्या वेळी त्यांनी ते दिलं नाही.

आकडे जुळले, तरी ताईंचं समाधान होईना. कागदावरचं घर त्यांना दिसायचं, पण यजमानांना दिसत नव्हतं आणि सासूबाईंना तर नकाशा म्हणजे रांगोळी वाटायची. आणि खरा प्रश्न सासूबाईंचाच होता. सध्याच्या घरात बाथरूमच्या दारातून वॉकर आत जात नसे. तो बाहेर ठेवून, ताईंच्या खांद्याला धरून आत जावं लागे आणि दार उघडंच राही. चार वर्षं. त्याबद्दल सासूबाई कधी बोलल्या नाहीत. पण पूर्वी त्या आंघोळीला जाताना गुणगुणायच्या, ते बंद झालं होतं.

म्हणून एका रविवारी सकाळी ताई खडूची पेटी, टेप आणि गवंड्याकडून मागून आणलेला रंगाचा दोरा घेऊन गच्चीवर गेल्या. यजमानांनी दोऱ्याचं एक टोक धरलं, ताईंनी दुसरं. दोरा ताणून मधोमध उचलून सोडला की सिमेंटवर निळी सरळ रेघ उमटायची. तासाभरात टाकीच्या बाजूला चारशेपंचवीस फुटांचं घर जमिनीवर पसरलं. भिंती दोन रेघांच्या, दारं उघडतात तशी पाव वर्तुळाने दाखवलेली, ओटा, सिंक, कमोड, सगळं पुरतं, खऱ्या मापाचं. मग यजमान आणि शेजारचे न्हावीकाका यांनी सासूबाईंना खुर्चीत बसवून वर आणलं.

"हे घर?" त्या म्हणाल्या. "उडी मारून कुणीही आत येईल."

"आई, तुम्ही दारातून या. भिंतीवर पाय द्यायचा नाही."

सासूबाई वॉकर टेकत हॉलमधून गेल्या, स्वयंपाकघरात डोकावल्या, आपल्या खोलीच्या दारात थांबल्या. मग बाथरूमच्या रेघांमध्ये शिरल्या. वॉकर आत गेला. त्यांनी तो हळूहळू फिरवला. मागचा पाय निळ्या रेघेवर गेला.

"भिंतीला लागला," ताई म्हणाल्या.

"किती?"

ताईंनी टेप लावला. "चार इंच."

"चार इंचांनी काय होतं," यजमान म्हणाले.

"तू फिरून दाखव," सासूबाई म्हणाल्या.

ताईंनी खडूने वॉश बेसिन पुसलं, कोपऱ्यात लहान काढलं, दार आतऐवजी बाहेर उघडणारं केलं. सासूबाई पुन्हा शिरल्या. वॉकर फिरला. त्या कमोडच्या खडूच्या वर्तुळापाशी उभ्या राहिल्या, हात लांब करून हवेतलं दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "आता सगळ्यांनी जरा तिकडे तोंड करा."

न्हावीकाका खो खो हसले. ताईंना हसावं की काय करावं कळेना. त्या पाठ वळवून टाकीकडे बघत उभ्या राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

गच्चीवरची गोष्ट इमारतीत लपून राहत नाही. न्हावीकाकांनी तर ती दुकानात येणाऱ्या प्रत्येक डोक्याला सांगितली. पंधरा दिवसांत दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका आपलं ब्रोशर घेऊन आली. ताईंनी तिचं घर आखलं. शिक्षिकेने त्यात आपलं डायनिंग टेबल म्हणून चादर अंथरली, चार खुर्च्या मांडल्या आणि मग फ्रीज कुठे ठेवायचा ते शोधत अर्धा तास फिरली. जागा सापडली नाही. मग तिची बहीण आली. मग गल्लीतला चष्मेवाला आला. रविवारी सकाळी ताई गच्चीवर, हे ठरूनच गेलं. पैसे त्या घ्यायच्या नाहीत. कुणी फळं आणायचं, कुणी खडू. काही लोक आखलेल्या घरात दहा मिनिटं गप्प उभे राहून खाली जायचे. काहींची तिथेच भांडणं जुंपायची. एका नवरा-बायकोला खडूच्या हॉलमध्ये उभं राहिल्यावर कळलं की त्यांना एकत्र राहायचंच नव्हतं. पण ते न्हावीकाका सांगतात, ताईंनी ते कधी कबूल केलं नाही.

अशाच एका रविवारी एक बसड्रायव्हर आणि त्याची बायको आली. ड्रायव्हर ताडमाड उंच, गच्चीच्या दारातून वाकून आला. बायको औषधांच्या कारखान्यात गोळ्यांची पाकिटं भरायची. दोघांनी बयाणा दिला होता, पुढचा हप्ता महिन्याअखेर होता. इमारत अजून पायाच्या वर आलेली नव्हती.

बायकोने पिशवीतून ब्रोशर काढून ताईंच्या हातात दिलं. ताईंनी ते उघडलं आणि त्यांच्या हातातला खडू तसाच राहिला. खिडकीपाशची कुंडी त्यांची होती. फरशीचा रंग त्यांनी निवडला होता. दोन्ही बेडरूममध्ये तो पलंग होता.

ओळख दाखवावी की नाही, हे ठरवायला त्यांना फार वेळ मिळाला नाही. यजमान दोरा घेऊन उभे होते. ताईंनी भिंती आखल्या. मोठी बेडरूम, मग लहान. लहान बेडरूम एका बाजूने साडेआठ फूट. ब्रोशरमध्ये तिच्यात पलंग होता, समोर कपाट होतं आणि मध्ये दोन फुटांची ऐसपैस वाट होती.

"हे पलंग, कपाट पण काढता का ताई?" बायकोने विचारलं. "ही आमची खोली. मोठी सासऱ्यांना देणार आहोत."

ताईंनी टेप धरला. सव्वापाच फुटांवर त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी टेप पुढे ओढला आणि साडेसहा फुटांवर खूण केली. समोरच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट काढलं. पलंगाचं पायथ्याचं टोक आणि कपाटाचं दार एकाच रेघेवर आलं. मध्ये वाट नव्हतीच.

"हे कसं झालं?" बायको ब्रोशर आणि जमीन आळीपाळीने बघायला लागली. "इथे तर चालायला जागा आहे."

ड्रायव्हर खडूच्या पलंगावर आडवा झाला. डोकं फळीला लावलं. त्याच्या टाचा कपाटात गेल्या.

सगळे हसले. तोही हसला. मग उठून बसला, पँट झटकली आणि ब्रोशर हातात घेऊन चित्रातला पलंग बोटाने मोजायला लागला. खोलीच्या मापाशी बोटं जुळवून बघितली. माणूस रोज मोठी बस दोन गाड्यांच्या मधून काढणारा होता. अंतराच्या बाबतीत त्याला शिकवावं लागत नव्हतं.

"पलंगच लहान काढलाय," तो म्हणाला. "मुद्दाम. कोण काढतं हो हे असं?"

यजमान ताईंकडे बघत होते. गच्चीवर आणखी चार माणसं होती. ताईंना वाटलं, कोण जाणे म्हणावं आणि पुढचं घर आखायला घ्यावं. कुणालाही कळलं नसतं.

"मी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"हा नकाशा मी काढलाय. आमच्या ऑफिसातून गेलाय. पलंग लहान आहे, कपाटही लहान आहे. खोलीची मापं खरी आहेत, पण सामान खोटं आहे. मीच टाकलंय."

ड्रायव्हरच्या बायकोने ब्रोशरची घडी घातली, पुन्हा उघडली. "आम्ही हे चित्र बघून घर घेतलं, ताई," ती म्हणाली. रागावून नाही, नुसतं सांगावं तसं. ताईंना राग परवडला असता.

त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत. यजमानांनी विषय काढला नाही, फक्त संध्याकाळी म्हणाले, "आपल्यालाही त्या टायवाल्याने असलंच ब्रोशर दिलं होतं, नाही का? तेव्हाच तू गप्प झाली होतीस."

"हो."

ड्रायव्हरने बुकिंग रद्द केलं नाही, हे ताईंना पुढच्या आठवड्यात ऑफिसात कळलं. त्याला तो फ्लॅट हवाच होता. डेपो पाच मिनिटांवर होता आणि त्याच्या वडिलांचा दवाखाना समोर. तो आणि त्याची बायको आखणी चालू असताना मोबाइलवर काढलेले गच्चीवरचे फोटो घेऊन बिल्डरकडे गेले आणि अडून बसले की भिंत अजून बांधलेली नाही, तर दार दुसऱ्या कोपऱ्यात घ्या, म्हणजे पलंग आडवा लावता येईल. बिल्डरने कुरकुर केली, पण मान्य केलं. बदलाचा नकाशा ताईंच्या टेबलावर आला. त्याच्या मागोमाग साहेब आले.

साहेब वाईट माणूस नव्हते. ताईंचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी दोन महिन्यांचा पगार न कापता दिला होता. त्यांनी खुर्ची ओढली.

"फोटोत तुम्ही दिसताय, ताई. हातात दोरा धरून."

"हो साहेब."

"आपलीच इमारत. तुम्ही आपल्याच गिऱ्हाइकाला..."

"मी खरा पलंग काढला, साहेब. एवढंच केलं."

"अहो, सगळेच लहान काढतात. आपण एकट्याने खरा काढला तर आपली खोली शेजारच्या बिल्डरच्या खोलीहून लहान दिसेल. खोल्या सारख्याच असतील, तरी. मग गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल. मी बिल्डरला काय तोंड दाखवू?"

हे खोटं नव्हतं, आणि ताईंना ते कळत होतं. त्या म्हणाल्या, "मग पलंग काढूच नका. रिकामी खोली दाखवा. किंवा पलंगावर माप लिहा. पण तो हलका पलंग आता माझ्या हातून नाही टाकला जायचा. मी तो कॉम्प्युटरातून काढून टाकलाय."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. "पुसून टाकलात?"

"हो."

"दुसरा कुणीतरी पाच मिनिटांत काढेल तो."

"काढू दे. माझ्याहून सरळ रेघ कुणाची असेल तर मला बरंच वाटेल."

साहेबांना नाइलाजाने हसू आलं. पण ब्रोशरचं काम त्यांनी त्याच दिवशी काढून घेतलं आणि ताईंना सांडपाण्याच्या नकाशांवर बसवलं. ते काम ऑफिसात कुणालाच आवडत नसे. त्या वर्षी पगारवाढही सगळ्यांहून कमी झाली. साहेबांनी दुसऱ्या कुणाकडून तरी तो पलंग काढून घेतला, आणि तो अजूनही ब्रोशरमध्ये छापला जातो. ताईंनी त्याबद्दल नंतर कधी वाद घातला नाही. पाइपांच्या उतारात त्यांचं मन रमलं. नकाशात उतार कमी पडला तर पाणी परत येऊन सगळ्यांना सांगतं, असं त्या म्हणायच्या; तिथे कुणी हलकं काही टाकायला सांगत नाही.

घर त्यांनी तेच घेतलं, नऊ हजारांचं, चारशेपंचवीस फुटांचं. बिल्डरकडून बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करून घेतलं. सातव्या महिन्यात ताबा मिळाला. सामान लावायला दुसऱ्या घरांत लोकांना आठवडा लागतो, यांना दुपार लागली, कारण प्रत्येक वस्तूची जागा तीनदा आखून झाली होती. ड्रायव्हर आपल्या सुट्टीच्या दिवशी कपाट उचलायला आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. ताईंनी त्याला चहा दिला तेव्हा तो म्हणाला, "आमचं दार बदललं, ताई. आता खोलीत मी मावतो." त्या विषयावर ते दोघं तेवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई वॉकर घेऊन बाथरूममध्ये गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. ताई ओट्यापाशी होत्या. पाण्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने आतून जुन्या कुठल्याशा गाण्याची बेसूर ओळ आली, मग ती तुटली, मग पुन्हा सुरू झाली.

सगळंच मनासारखं झालं असं मात्र नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर मोकळा भूखंड होता आणि सकाळचं ऊन थेट ओट्यावर येई. वर्ष होतं न होतं तोच तिथे पत्रे लागले, मशीन आलं, आणि पुढच्या वर्षभरात दहा हातांवर भिंत उभी राहिली. भर दुपारी ओट्यावरचा दिवा लावावा लागे. ताई रोज भाजी चिरताना त्या भिंतीकडे बघायच्या. शेवटी एका रविवारी त्यांनी चहाचा कप यजमानांसमोर ठेवला आणि उभ्यानेच सांगून टाकलं.

"मला माहीत होतं. घर घेताना परिसराचा मंजूर नकाशा मी बघितला होता. त्यात ही इमारत तुटक रेघांनी दाखवली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही."

यजमान मशीनच्या दातेरी चाकाला तेल लावत होते. "का?"

"तुम्ही नको म्हणाला असतात. मग पुन्हा हिंडणं, पुन्हा आखणं. आणि आईंचा वॉकर त्या बाथरूममध्ये फिरला होता." त्या खुर्चीवर बसल्या. "दुसऱ्यांच्या घरांबद्दल एवढं बोलले. आणि स्वतःच्या घराचं लपवलं."

यजमानांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "बघ, आपण ताबा घ्यायच्या आधी मी एकटाच इथे येऊन गेलो होतो. समोरच्या जागेत चुन्याच्या फक्क्या मारलेल्या होत्या, खुंट्या ठोकलेल्या होत्या. मी तुझ्यासारखा शिकलेला नाही, पण खुंटी ठोकली की तिथे काय उगवतं ते मलाही कळतं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तू त्या बाथरूमच्या दारासाठी बिल्डरशी अर्धा तास भांडलीस. त्यानंतर मी काय बोलणार?"

आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "काय कुजबुज चाललीय? चहा दोघंच पिताय का?"

त्या दिवशी दुपारी दोघं बाजारात गेली आणि ओट्यासाठी एक चांगला लांब दिवा घेऊन आली. तो लावायला भिंतीत दोन भोकं पाडावी लागली. ताईंनी पेन्सिलीने खुणा करून दिल्या, यजमानांनी ड्रिल चालवलं. दिवा लावल्यावर ओटा स्वच्छ दिसायला लागला, तेलाचे जुने डागसुद्धा. ताईंनी फडकं ओलं केलं आणि ते पुसायला घेतले.